वाटणीला आलेली गाडी

अप्पांनी वाटण्या केल्या त्या तोंडी, दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांवर बसून, चहा पीत. हुबळीच्या बाजारातलं मिरचीचं दुकान, त्याच्या मागचं आवार आणि वरचं राहतं घर माझ्या धाकट्या भावाला. मग बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "आणि गाडी हिला." हिला म्हणजे मला. भावजय पदर तोंडाशी नेऊन हसली, भाऊ हसला, तराजूपाशी उभे असलेले हमालही हसले. कारण अप्पांची नजर गेल्यापासून ती गाडी आवाराच्या कोपऱ्यात नुसती उभी होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्यांच्याबरोबर मीही हसले, पण मला राग आला होता. अप्पांचा नाही, हसणाऱ्यांचा.

गाडी म्हणजे ॲम्बॅसेडर. दुधी रंगाची, गोल पाठीची, दार लावलं की तिजोरी लावल्याचं समाधान देणारी. रविवारी अमरगोळच्या मार्केट यार्डात सौदे नसत, तेव्हा तिथल्या मोकळ्या रस्त्यांवर अप्पांनी मला ती चालवायला शिकवलं. भावाला नाही शिकवलं, कारण त्याला गाडीत बसलं की मळमळायचं. तो पुढं टेम्पोवर शिकला. मुलीला गाडी शिकवून काय ड्रायव्हर करायचंय का, असं आई विचारायची. अप्पा म्हणायचे, "टायपिंग शिकवलं ते काय टायपिस्ट करायचं म्हणून?" पुढं मी टायपिंगवरच पोट भरलं, ही गोष्ट वेगळी.

धारवाडात सुभाष रोडला लागून असलेल्या एका बोळात मी कितीतरी वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मशिनं बिघडली तर मीच उघडायची, मीच बसवायची. लग्न केलं नाही आणि त्याचं कारण विचारणारे आता फारसे उरले नाहीत. माझ्या बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं, तिथं गाडी कुठं ठेवणार? म्हणून वाटणी झाल्यावरही गाडी भावाच्या आवारातच राहिली. अप्पा गेले. हळूहळू भाऊ लोकांना सांगताना तिला "आमची जुनी गाडी" म्हणायला लागला. मी दर वेळी "माझी" म्हणून दुरुस्त करायची आणि तो दर वेळी "तेच की" म्हणायचा.

गाडी खरी मोडली ती खंडेनवमीला, आणि मोडली ती पूजेनं.

झालं असं की, उभ्या गाडीचे टायर टेकून टेकून बसतात असं कुणीतरी भावाला सांगितलं होतं. त्यानं गाडीची मागची बाजू उचलून खाली एक घडीव दगड सारून ठेवला, तोही नेमका डिफरन्शियलखाली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, ते डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथं येते आणि दोन्ही चाकांकडं जाते. आतली दातेरी चाकं ज्या बिडाच्या घरात बसतात त्याला हाऊसिंग म्हणतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. भार कितीही सोसेल, पण आडवा फटका खाणार नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं तराजू, वजनं, टेम्पो, सायकली, सगळ्यांची पूजा होते. गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवायची, पुढं कोहळा फोडायचा आणि गाडी लिंबांवरून जाऊ द्यायची. गाडी चालत असो वा नसो, लिंबू चिरडलं पाहिजे. नाहीतर वर्षभर काय होईल सांगता येत नाही. आमच्या गाडीची मागची चाकं चार बोटं हवेत होती, म्हणून लिंबं खाली आरामात मावली. ती इतकी आरामात का मावतायत, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. भाऊ म्हणाला, "हं, ढकला." चौघांनी बॉनेटला खांदे लावले. गाडी मागं सरकली, दगडावरून घसरली आणि धप्पकन खाली बसली. लिंबं चिरडली, त्याच क्षणी कोहळा फुटला, सगळ्यांनी हात जोडले. खाली झालेला 'कट्' आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मी म्हटलं, "काहीतरी मोडलं." भावजय म्हणाली, "वन्सं, पूजेच्या वेळी असं बोलू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदकुंकवाच्या सड्यावर काळ्या तेलाचं थारोळं होतं.

मी मेस्त्रीला बोलावलं. हा मेस्त्री एके काळी स्टेशनवरच्या टॅक्सींचं काम करायचा. बोलणं मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि दर दोन वाक्यांनी एक थाप. तो गाडीखाली गेला, बोटानं चाचपलं आणि खालूनच ओरडला, "वडदैत्रि, अक्कार!" फुटलंय. मग बाहेर येऊन त्यानं सांगितलं की असलं हाऊसिंग आता मिळत नाही, मिळालं तरी फुटकंच मिळेल, आणि फुटलेलं बीड सांधणारा माणूस हुबळीत एकच होता, तो वारला. मी विचारलं, "मग दुरुस्ती होणारच नाही?" तो म्हणाला, "आगूदिल्रि." आणि लगेच म्हणाला, "नोडूण्रि." नाही होणार, पण बघूया. ह्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत मी पाय घातला आणि तो काढला नाही.

मधे भावानं आपलं चक्र फिरवलं होतं. आवारात त्याला माल ठेवायला शेड बांधायची होती. बायपासवर एक नवं हॉटेल झालंय, त्याच्या मालकाला बागेत ठेवायला एक जुनी गाडी पाहिजे होती. बॉनेट काढून आत झेंडूची रोपं लावणार, लोक शेजारी उभे राहून फोटो काढणार. भावानं मला हे फार आनंदानं सांगितलं.

"बघ की अक्का, गाडी भंगारात जात नाही. लोकं बघतील. अप्पांना बरंच वाटलं असतं."

"अप्पांनी ती मला फुलं लावायला दिली नव्हती."

"मग कशाला दिली? तू कुठं चालवणारायस ह्या वयात?"

 आणि लगेच तोच नजर चुकवून म्हणाला, "मी शब्द दिलाय त्यांना." आमच्या बाजारात हे वाक्य म्हणजे शेवट. मिरचीचे सौदे अजूनही शब्दावर होतात. शब्द फिरवणाऱ्याच्या दुकानात पुढच्या हंगामात कोणी पाय ठेवत नाही. हे मलाही माहीत होतं. आमचे पणजोबा सांगलीकडून इथं आले ते शब्दाच्याच बळावर, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

बरंच भांडण झालं. शेवटी त्यानं कंटाळून एक अट घातली. गुढीपाडव्याला शेडचा पाया खणायचा. त्याआधी गाडी आपल्या पायांनी आवाराबाहेर गेली तर "तुझी". नाहीतर हॉटेलवाल्याची लॉरी येऊन घेऊन जाईल. तुझी, म्हणे! जी माझीच होती ती मला पुन्हा कमवायला लावत होता, आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, "ठीक आहे." मला त्या गाडीतून कुठं जायचंय हे मला ठाऊक नव्हतं. अप्पांनी मला जे दिलं ती थट्टा नव्हती, एवढं मला सगळ्यांना दाखवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही.

मेस्त्रीनं गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवली, चाकं काढली, दोन्ही बाजूंचे ॲक्सल ओढून घेतले, मधला दांडा सोडवला आणि डिफरन्शियल बाहेर काढलं. आतली चाकं नि बेअरिंगं वेगळी केल्यावर रिकामं हाऊसिंग हातात आलं. खालच्या ओठापासून तडा निघाला होता आणि वाकडातिकडा वर गेला होता. मेस्त्री म्हणाला, ओळखीचा वेल्डर आहे, अर्ध्या तासात मारून देतो. मी म्हटलं, बीड तापवल्याशिवाय सांधत नाहीत असं ऐकलंय. तो म्हणाला, "अक्कार, मी टॅक्सीवाल्यांची किती केलीत!" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ट्रक लागतात तिथल्या एका उघड्या टपरीत वेल्डरनं साध्या कांडीनं तडा भरला आणि हाऊसिंग वाऱ्यात, दगडावर ठेवून दिलं. आम्ही समोर चहा घेत होतो. चहा अर्धा झाला नाही तोच तिकडून आवाज आला, टण्ण! जुना तडा उघडला होताच, शेजारी केसासारखा दुसराही गेला होता. मेस्त्री म्हणाला, ह्या हाऊसिंगचं नशीबच खोटं. मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. चहावाल्यानं ते ऐकून माझ्याकडं आदरानं पाहिलं, एवढं मात्र खरं.

घरी आणून मी ते ओट्यावर ठेवलं. वेल्डिंगची राड घासून काढली, तड्यावर डिझेल चोळलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग कोरडं पुसून वर खडूची पूड भुरभुरली. क्लासच्या फळ्याचे खडू घरात पडून होतेच. तड्यात मुरलेलं डिझेल वर येऊन पूड ओली झाली आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. डोळ्यांना दिसत होता त्याहून तडा बराच लांब होता. बेअरिंग बसतं त्या गोल घराच्या दिशेनं तो चालला होता आणि एक बोट अलीकडं थांबला होता. मी त्या एका बोटाकडं बराच वेळ बघत बसले.  ते बोटभर बीड फुटलं तर गाडी बागेत जाणार होती.

बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत बिडाचे मोठे पंप आणि यंत्रांचे सांगाडे सांधणारा एक कारखाना आहे, असं शेजारच्यांकडून कळलं. हाऊसिंग गोणपाटात गुंडाळून मी बसनं निघाले. कंडक्टरनं गोणपाटाला पाय लावून बघितला आणि विचारलं, "रुब्बो कल्लेन्री?" वाटायचा दगड आहे का? मी म्हटलं, "हौद्री." होय. बाई, गोणपाट आणि जड वस्तू म्हटलं की वाटायचा दगडच असणार. त्याचा समज मी कशाला मोडू?

कारखान्याचा मालक तापट निघाला. "गाड्यांची कामं आम्ही घेत नाही," म्हणून त्यानं पाठ फिरवली. मी दारातल्या बाकावर बसले. जेवणाची सुट्टी झाली, मी तिथंच. त्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण मी पाय धरले नाहीत, डबा उघडून भाकरी खाल्ली. शेवटी तो वैतागून आला, "दाखवा काय आहे ते." खडूची रेघ पाहून तो खाली वाकला. बेअरिंगच्या घराशी नख लावून म्हणाला, "इथं पोचला असता तर मी हातही लावला नसता. तापवताना पुढं सरकला तर मला बोलायचं नाही." मी म्हटलं, "नाही बोलणार. पण मी इथं उभी राहून बघणार." तो म्हणाला, बाई लोकांनी इथं थांबायचं नसतं. मी म्हटलं, बाई लोकांची गाडी आहे.

त्यानं आधी दोन्ही तड्यांच्या टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढं पळू नये. मग तड्याच्या जागी खोल चर घासला. मग अख्खं हाऊसिंग कोळशाच्या भट्टीत ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा त्याच्या जवळ उभं राहवत नव्हतं. निकेलच्या कांडीनं बोटभर सांधायचं, थांबायचं, छोट्या हातोडीनं त्यावर टकटक करायची, पुन्हा बोटभर. असं करत तो वरच्या टोकाकडं सरकू लागला. शेवटच्या टप्प्याला त्यानंही श्वास धरला, मला दिसलं. मी मनात अप्पांना हाक मारत होते. देवाला मारायची सोडून अप्पांना का, कोण जाणे. सांधून झाल्याबरोबर त्यानं हाऊसिंग गरम चुन्याच्या आणि राखेच्या पेटीत पुरलं. मी वाकून बघायला गेले तर तो माझ्यावर खेकसला, "उघडू नका! वारा लागला की संपलं. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हाही ते कोमट होतं. राख झाडून मी आधी पर्समधून खडू काढला. मालक हसला, पहिल्यांदाच. डिझेल, पुसणं, पूड. पांढरं पांढरंच राहिलं. रेघ नाही. मला तिथंच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो गोंधळून म्हणाला, "अहो, अजून ह्याचं जोडाचं तोंड घासायचंय. तापवल्यानं थोडं वाकलंय." तेही त्यानं सपाट करून दिलं.

हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. पण शेपटानंच घाम काढला. मेस्त्रीनं नवी बेअरिंगं घातली, दातेरी चाकं अंदाजानं बसवली, डिफरन्शियल गाडीखाली चढवलं, चाकं लावली आणि तेल भरलं. गाडी अजून घोड्यांवरच होती. इंजिन कसंबसं चालू झालं तेव्हा हमालांनी टाळ्या वाजवल्या. गिअर टाकला, मागची चाकं हवेत फिरायला लागली, आणि खालून एक आवाज सुरू झाला. घुंईऽऽ. मेस्त्री म्हणाला, "एवढं असतंय. चालवता चालवता बसतंय."

"काय बसतंय? दात की गाडी?"

"अक्कार, आता परत उघडायचं? परवा पाडवा."

"उघडा."

"नीवु बिडांगिल्रि!" म्हणत त्यानं पाना आपटला. तुम्ही सोडणार नाही. पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणी खरं बोललं होतं. मी तेलाच्या डब्यावर बसले आणि त्यानं पुन्हा नट सोडायला घेतले.

दोन चाकांचे दात एकमेकांवर नेमके कुठं घासतायत हे बघायला त्यांना रंग लावून फिरवावं लागतं. रंग लागलेल्या दातावर दुसऱ्या दाताचा ठसा उमटतो. तो ठसा मधोमध पाहिजे. मेस्त्रीकडची निळ्या रंगाची डबी वाळून खडखडीत झाली होती. बाजारात विचारलं, नव्हती. बेळगावहून मागवू म्हणाला, म्हणजे पाडवा गेलाच. आधीचे लोक काय लावायचे, असं मी विचारलं. तो म्हणाला, आधी शेंदूर लावायचे तेलात कालवून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दर शनिवारी भावजय मारुतीला शेंदूर चढवते. पुडा वरच्या देवघरात होता. मी जिना चढून गेले, पुडा उचलला. भावजय म्हणाली, "वन्सं, देवाचं आहे ते." मी म्हटलं, "देवाला मी सांगते."  मागोमाग ती एका वाटीत एरंडेल घेऊन खाली आली आणि पहिल्यांदाच त्या डिफरन्शियलकडं वाकून बघत उभी राहिली.

मेस्त्रीनं बोटानं दातांना शेंदूर माखला आणि चाक हळू फिरवलं. ठसा दातांच्या पार कडेला उमटला होता. मेस्त्री गप्प झाला. गप्प मेस्त्री मी तेवढाच एकदा पाहिला. मग छोट्या चाकामागं पातळ पत्र्याची चकती घालायची, पुन्हा माखायचं, पुन्हा फिरवायचं. ठसा थोडा आत आला. अजून एक चकती. जास्त झाली, काढली, त्याहून पातळ घातली. टाइपरायटरची अक्षरं एका ओळीत आणायला मी अशीच केसभर सरकवत बसायची, त्यामुळं मला कंटाळा येत नव्हता. मेस्त्रीला येत होता, पण आता त्यालाही ईर्ष्या चढली होती. ऊन भिंतीवरून सरकून दारापर्यंत आलं तेव्हा दाताच्या मधोमध एक लांबट तांबडा डाग उमटला. भावजय म्हणाली, "हे बरोबर ना?" आम्ही दोघं एकदम "हौद" म्हणालो. शेंदूर पुसून, सगळं धुऊन, डिफरन्शियल पुन्हा गाडीखाली चढवलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, मेस्त्रीनं शेवटचे नट आवळले, चाकं चढवली आणि गाडी घोड्यांवरून उतरवली. मी तेल भरलं. झाकण लावते न लावते तोच फाटकात लॉरी येऊन थांबली. हॉटेलचा मालक स्वतः आला होता, बरोबर दोर घेतलेली माणसं. भाऊ दुकानातून धावत आला. शेजारच्या दुकानांतले दोघेतिघे व्यापारी, गंमत असते तिथं येतात तसे, फाटकापाशी येऊन उभे राहिले.

मी गाडीत बसले आणि गाडी चालू केली. पहिला गिअर. गाडी हलली. आवाराच्या मधोमध मी एक फेरी मारली, मग दुसरी. खालून काही आवाज नव्हता, घुंई नाही, कट् नाही, फक्त टायरखाली वाळूची चरचर. मेस्त्री दोन्ही हात वर करून ओरडत होता, पण तो काय म्हणत होता ते मला कळलं नाही. मी गाडी फाटकाच्या तोंडाशी आणून थांबवली. समोर लॉरी होती म्हणून थांबवावी लागली. इंजिन चालूच ठेवलं.

हॉटेलचा मालक खूष होऊन गाडीभोवती फिरला. त्यानं छपरावर थाप मारली. भावाला कन्नडात म्हणाला, चालू गाडी आहे हे तुम्ही बोलला नव्हता, मग तर फारच उत्तम. बागेत कशाला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला ठेवू. लॉरी नको आता, माझा ड्रायव्हर चालवत नेईल. ठरलंय त्याच्यावर अजून देतो, काय म्हणता सावकार?

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फुटकी गाडी त्यानं फुलांसाठी मागितली होती. मी ती त्याच्यासाठी चांगली करून ठेवली होती. अट घातली होती ती भावानं मला, ह्या माणसाला ती ठाऊकच नव्हती. त्याच्यापाशी भावाचा शब्द होता, आणि फाटकापाशी उभे असलेले व्यापारी तो शब्द काय होतो हे बघायला थांबले होते. मला खिडकीतून ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, कारण हे मी बोलून काही उपयोग नव्हता. मी वर्षानुवर्षं बोलतच होते.

भावानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या कोपरापर्यंत तेल होतं, नखांत शेंदूर होता. त्यानं शेजाऱ्यांकडं पाहिलं, मग खाली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. लहानपणी गाडीत बसल्यावर यायचा तसाच. मला त्याची दया आली, अगदी त्या वेळीसुद्धा.

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाडी नम्मदल्रि. नम्म अक्कंदु. माझा शब्द चुकला, माफ करा. आकीन्न केळ्रि." गाडी आमची नाही. आमच्या अक्काची आहे. तिला विचारा.

फाटकापाशी कुणी हसलं नाही. हॉटेलचा मालक माझ्या खिडकीशी आला. वाकला, आणि मला विचारलं, "अक्कार, एन अंतीरि? कोडतीरेनु?" काय म्हणता, देता का?

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी कधीपासून तयार होतं. चांगलं तिखट, घासूनपुसून ठेवलेलं. ते आता वापरावंसं वाटलं नाही. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि भावानं लॉरीवाल्याला हातानं इशारा केला, माझ्या अक्काला वाट दे.